दाखवबाईंचे चिमटे

घर विकायचं तर विटा-सिमेंटाआधी शब्द लागतात, असं प्रशस्तभाऊंचं ठाम मत होतं, आणि शब्दांच्या बाबतीत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. खरं नाव वेगळंच होतं. पण ज्या खोलीत पलंग टाकला की कपाटाचं दार उघडत नाही, त्या खोलीलाही ते छातीठोकपणे 'प्रशस्त' म्हणायचे, म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्यांना हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. अंधारं घर त्यांच्या तोंडी 'उन्हाळ्यात गार' व्हायचं. बसचा हॉर्न थेट उशीत घुसतो ते घर 'अगदी मध्यवर्ती'. चौथा मजला आणि लिफ्टचा पत्ता नाही, तर 'तब्येतीला उत्तम'. भाऊ हे लबाडीनं करायचे असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. बोलून बोलून त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं, आणि हे दुखणं लबाडीपेक्षा चिवट असतं.

त्यांना एकच मुलगी. पहिलीत होती, आणि दिवसभर घरात गरागरा फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आई दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर. त्या दिवशी आईची दुपारची पाळी, शाळा अर्धी सुटलेली, आणि शेजारच्या काकू घरात नाहीत. तेव्हा भाऊंनी लेकीला सोबत घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावरचं ते घर दाखवायला गेले.

हे घर म्हणजे भाऊंच्या गळ्यातलं लोढणं होतं. मागची खोली ओल धरायची. भाऊंनी मालकाच्या मागे लागून तिथे रंग मारून घेतला होता, रंगाचा वास जावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, आणि जिथे ओल जास्त तिथे एक कपाट सरकवलं होतं. बघायला आलेलं जोडपं तरुण होतं. बाईंना सातवा महिना असावा. त्यांना स्वयंपाकघर आवडलं, गॅलरी आवडली, आणि मागच्या खोलीत पाळणा कुठे ठेवायचा यावर दोघांची हळू आवाजात बोलणी सुरू झाली. भाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"हवेशीर खोली," भाऊ म्हणाले. "कोरडी ठणठणीत. बाळासाठी याहून चांगली खोली मिळायची नाही."

भिंगरी तोवर कपाटामागच्या फटीत शिरली होती. तिथून तिचा आवाज आला, "थंडगार." मग थोडं थांबून, "ओलसर." आणि मग फार मोठा शोध लागल्याच्या आनंदात, "पोपडेवाली! हे बघा, हातात येतंय!"

ती बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर रंगाचा, चांगला पोळीएवढा पोपडा होता. तो तिनं त्या बाईंपुढे धरला. बाईंनी तो बोटानं दाबला, नवऱ्याकडे बघितलं, आणि नवरा म्हणाला, "बघू, कळवतो." भाऊंनी हे दोन शब्द इतक्यांदा ऐकले होते, की त्यांना पुढची जिन्यावरची पावलंही आधीच ऐकू यायची.

संध्याकाळी भाऊंनी लेकीला समोर बसवलं. चढ्या आवाजात बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते पहिल्याच वाक्याला बारगळलं. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायची काय गरज होती तुला?"

"तूच सांगत होतास ना, खोली कशी आहे ते. मला वाटलं, आपण दोघं सांगतोय," भिंगरी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, उलट थोडी काळजीच होती. "बाबा, मी प्रशस्त पण शोधलं. सगळ्या खोल्यांत शोधलं. कुठे होतं? तू दाखवलंच नाहीस."

"दाखवायचं काय त्यात?"

"आमच्या शाळेतल्या बाई म्हणतात, शब्द सांगितला की लगेच दाखवायचा. दाखवता नाही आला तर तो त्या वस्तूचा नाही."

आई कोशिंबीर कालवत होती. तिनं हसू दाबलं, पण भाऊंना ते दिसलंच.

घर हातचं गेलं याचं भाऊंना वाईट वाटलं, तरी ते दुःख पचण्यासारखं होतं. घरं येतात-जातात. पचेना ते वेगळंच. त्या दिवसापासून भिंगरी त्यांचं बोलणं तपासून घ्यायला लागली. "बाहेर गारठा आहे, स्वेटर घाल," असं भाऊंनी म्हटलं, की ती खिडकीशी जाऊन हात बाहेर काढायची आणि मग स्वेटर घालायची. "दूध कोमट आहे, पी," म्हटलं की आधी बोट बुडवायची. आईनं तेच सांगितलं तर गटागटा प्यायची. यात उद्धटपणा नव्हता, रुसवाही नव्हता. दुकानदार एकदा खराब माल देतो, मग पुढच्या वेळी गिऱ्हाईक पिशवीत वाकून बघतं, इतकं साधं होतं ते. आणि म्हणूनच भाऊंच्या ते जिव्हारी लागलं. पोटची पोर आपल्या शब्दावर विसंबत नाही, हे कुठल्या बापाला सोसवेल? आणि हे सगळं त्या बाईंनी भरवलेलं, असं ठरवून ते एका सकाळी शाळेत जाऊन धडकले. पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच तिसऱ्या मजल्यावरचं घर दाखवायचं होतं, म्हणून किल्ल्यांचा जुडगा मुठीतच होता.

बाईंना पालकांमध्ये दाखवबाई म्हणत. बांध्यानं लहानखुऱ्या, नाकावर घसरलेला चष्मा, आणि पुढे मोठे खिसे असलेला एक एप्रन. खिशांत कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे खच्चून भरलेले, त्यामुळे बाई चालल्या की खडखडाट व्हायचा. भाऊंनी दारातून हात वर केला. बाईंनी ओठावर बोट ठेवून मागच्या बाकाकडे खूण केली. बाक पहिलीच्या मुलांचा. त्यावर बसल्यावर भाऊंचे गुडघे हनुवटीपर्यंत आले, आणि या अवस्थेत माणसाला फार वेळ रागावून राहता येत नाही. तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही.

मधल्या टेबलावर एक जुनी छत्री होती. भोवती मुलांचा गराडा.

"काळी!" एक जण ओरडला.

"दाखव," बाई म्हणाल्या.

त्यानं कापडावर बोट ठेवलं. जाड पेनानं बाईंनी चिठ्ठीवर 'काळी' लिहिलं, त्याच्या हातात चिठ्ठी आणि चिमटा दिला, आणि पोरानं तो शब्द छत्रीलाच लावला.

"पण इथे काळी नाहीये," दुसरी एक मुलगी म्हणाली. तिनं घडीच्या आतला भाग उलगडला. "इथे काळी आहे. बाहेर विटकी आहे. उन्हानं."

"विटकी! दाखव बरं सगळ्यांना." आणि 'विटकी'ही छत्रीवर गेली. मग 'लांब' आली. बाईंनी विचारलं, कशापेक्षा? पोरांनी छत्रीशेजारी पट्टी धरली, झाडू धरला. छत्री पट्टीपेक्षा लांब आणि झाडूपेक्षा आखूड ठरली, तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी लागल्या. 'मोडकी' लागली ती नेमकी मोडक्या काडीवर. 'करकरीत' म्हणणाऱ्यानं छत्री उघडून तो आवाज सगळ्यांना ऐकवला, तेव्हा बाई म्हणाल्या की नव्या कोऱ्या वस्तूला करकरीत म्हणतात, आवाज करते ती करकरणारी. पोरानं लगेच शब्द बदलून घेतला. कुणाला चूक केल्यासारखं वाटल्याचं भाऊंना दिसलं नाही.

भाऊंना आपली शाळा आठवली. तिथे विशेषणाची व्याख्या पाठ होती, अजूनही झोपेतून उठवून विचारली तर धडाधडा म्हणून दाखवली असती. पण एकाही मास्तरानं कधी त्यांच्यापुढे मोडकी छत्री ठेवली नव्हती.

तेवढ्यात एक बारीक चणीचा मुलगा म्हणाला, "बिचारी."

भाऊंना वाटलं, आता बाई याला समजावत बसणार. बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "दाखव."

मुलानं छत्री उचलली. उघडली, मिटली. मोडक्या काडीजवळ बघितलं, मुठीत बघितलं, कापड उचलून खाली बघितलं. कुणी हसलं नाही. शेवटी त्यानं छत्री खाली ठेवली आणि आपल्या छातीवर हात ठेवला. "इथे आहे."

"अगदी बरोबर. मग हा शब्द छत्रीचा की तुझा?"

"माझा."

"खोटा आहे का?"

"नाही."

"मुळीच नाही. फक्त तुझा आहे." बाईंनी 'बिचारी' लिहून चिठ्ठी त्याच्याच सदऱ्याला लावली, आणि तो ती मिरवत जागेवर जाऊन बसला.

आता भाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला. मध्यंतरी भिंगरी एकदा फ्रॉकवर 'किळसवाणी' अशी चिठ्ठी लावून घरी आली होती, आणि आपल्या लेकीला कुणी असं म्हटलं या रागानं भाऊंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल इतका थयथयाट केला होता. ती 'गोगलगाय, गोगलगाय' म्हणून सांगत राहिली आणि त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. गोगलगाय किळसवाणी नव्हती. किळस भिंगरीला आली होती, आणि पोरीनं ती इमानदारीत अंगावर वागवत घरापर्यंत आणली होती.

भाऊ बाकावर जरा सावरून बसले. राग होता, पण त्यात आता भेसळ झाली होती. आपण एवढी वर्षं घरांना चिठ्ठ्या लावत आलो. त्यातल्या घरांच्या किती आणि आपल्या किती? बाईंनी हा प्रश्न सहा-सात वर्षांच्या पोरांच्या हातात दिला होता, तोही लाकडी चिमट्याच्या जोरावर, आणि पोरं तो लीलया सोडवत होती. धंद्यातला माणूस कसब बघितलं की ओळखतो. ही बाई शब्दांतली पक्की होती, यात वादच नव्हता.

तरीही आलो आहोत ते बोलून जाऊ, म्हणून ते उठले. "बाई, मला जरा..."

"माणूस!" कुणीतरी किंचाळलं. "बाई, आज माणूस घ्या ना! भिंगरीचे बाबा घ्या!"

झालं. गराडा छत्रीभोवतून उठला आणि भाऊंभोवती पडला. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "चालेल का तुम्हाला? नको असेल तर तसं सांगा. बळजबरी नाही."

कुठलाही प्रसंग निभावून नेऊ शकतो, असा भाऊंना स्वतःबद्दल विश्वास होता. "हो, हो, का नाही!" ते म्हणाले आणि मध्ये जाऊन उभे राहिले. भिंगरी मात्र गर्दीत मागे होती. आज ती गरागरा फिरत नव्हती.

'उंच' आला. बाईंपेक्षा उंच, दारापेक्षा बुटके. 'केसाळ' मनगटाला लागला. 'चकचकीत' एका बुटाला लागला, आणि दुसऱ्या बुटावर चिखल सापडल्यामुळे त्याला 'मळका' मिळाला. 'घामट' लावणाऱ्या मुलीनं पुरावा म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या पाठीला हात लावून तो सर्वांना दाखवला. एकानं 'श्रीमंत' म्हटलं, त्याला दाखवता आला नाही, तेव्हा तो 'श्रीमंत' स्वतःच्या कॉलरला लावून घेऊन ऐटीत फिरू लागला. भाऊ हसत होते. चिमटे लोंबत होते. एवढं बारकाईनं आपल्याकडे कुणी शेवटचं कधी बघितलं होतं, ते त्यांना आठवेना.

"भिंगरी," बाई म्हणाल्या, "तुझा शब्द राहिला."

भिंगरी पुढे आली आणि भाऊंचं हसू आपोआप मावळलं. कोणता शब्द येणार, हे त्यांना ठाऊक होतं. ओलसर भिंतीपासून तोच शब्द घरात तिघांच्या मध्ये बसलेला होता, फक्त कुणी उच्चारला नव्हता. खोटारडा. आणि ती तो दाखवूही शकणार होती. तिच्याकडे पोपडा होता, कपाटामागची भिंत होती, 'कोरडी ठणठणीत' हे शब्द तिनं स्वतःच्या कानांनी ऐकले होते. या वर्गात सुटायला जागा नव्हती. भाऊंना वाटलं, गिऱ्हाइकाचा फोन आल्याचं निमित्त करून काढता पाय घ्यावा.

भिंगरीनं त्यांना खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. मग म्हणाली, "घाबरलेला."

बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "दाखव."

भिंगरीनं भाऊंची उजवी मूठ धरली. ती घट्ट मिटलेली होती, हे भाऊंनाही तेव्हाच कळलं. तिनं एकेक बोट उघडलं. किल्ल्यांचा जुडगा खाली पडला आणि तळहात सगळ्यांना दिसला. किल्ल्यांच्या दात्यांचे लाल वळ उठले होते. काही ताजे होते, काही जुने, तपकिरी पडलेले.

"घर दाखवताना बाबा किल्ल्या अशाच धरतो," ती वर्गाला समजावून सांगत म्हणाली. "आपण हसत असतो ना, तसा हसतो, पण हात असा असतो. लोक 'बघू' म्हणाले की अजून घट्ट होतो. मग घरी आला की हात गरम पाण्यात धरतो. मी बघते."

वर्गातल्या पोरांनी तो तळहात बघितला. एकीनं हळूच वळावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

लहान खोलीला लहान म्हटलं तर लोक जिना चढायलाच यायचे नाहीत, आणि लोक आलेच नाहीत तर आपण कोण, ही भीती भाऊंनी आजवर बायकोलाही सांगितली नव्हती. आणि ही पोर इतके दिवस स्वेटरपूर्वी खिडकीबाहेर हात काढत होती, दुधात बोट बुडवत होती, आणि त्याच डोळ्यांनी हेही बघत होती. तिनं बापाला पकडलं नव्हतं. तिनं बापाला नीट बघितलं होतं. या दोन्हींत केवढा फरक आहे, ते भाऊंना आत्ता, इतक्या मुलांदेखत, अंगावर चिमटे लोंबत असताना कळत होतं.

"भाऊ," बाईंनी विचारलं, "ज्याला लावायचा त्यालाही विचारतो आम्ही. हा शब्द तिचा की तुमचा?"

"माझा," भाऊ म्हणाले. आवाज जरा बसला होता, म्हणून पुन्हा म्हणाले, "माझाच आहे."

भिंगरीनं तो शब्द त्यांच्या खिशाला लावला आणि सरळ बसावा म्हणून चिठ्ठीवरून हात फिरवला.

"आता काकांची पाळी!" पोरं ओरडली. इथली ही रीतच होती. ज्याला शब्द मिळाले त्यानं जाताना कुणाला तरी एक द्यायचा. बाईंनी कोरी चिठ्ठी घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. "कुणाला देताय?"

"भिंगरीला." भाऊंनी घसा साफ केला. "गोड."

"दाखवा!" सगळा वर्ग एका सुरात.

भाऊ गोंधळले. "हुशार."

"दाखवा!"

"गुणी? लाडकी?"

"लाडकी तुमचा शब्द आहे, काका," तो बारीक चणीचा मुलगा समजुतीनं म्हणाला. त्याच्या छातीवर 'बिचारी' होतं. "तुमच्याच खिशाला लावावा लागेल."

इतकी वर्षं ज्यांच्या जिभेवर शब्द नाचत होते, त्या माणसाला एक शब्द सुचेना. सुचेना, कारण बघितलंच नव्हतं. भाऊ खाली उकिडवे बसले. डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आले आणि त्यांनी लेकीकडे बघायला सुरुवात केली. घाई केली नाही. वर्गानंही केली नाही. भुवईतला तीळ ओळखीचा होता. नखांत माती होती. मग फ्रॉकच्या बाहीवर त्यांची नजर थांबली. हा निळा फ्रॉक त्यांनीच आणला होता, मोठा निघाला म्हणून बाह्या दुमडून शिवून घेतल्या होत्या. ती दुमड आता उसवलेली होती. जिथे कापड आत लपलं होतं तिथे गडद निळा पट्टा राहिला होता, बाकीची बाही धुऊन धुऊन फिकी झाली होती. आणि पट्टा संपला, तरी पुढे मनगट उघडंच होतं.

हे सगळं त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि त्यांना पत्ताही नव्हता. खोल्यांची लांबी-रुंदी तोंडपाठ असणारा माणूस.

"वाढलेली," भाऊ म्हणाले.

या वेळी वर्ग ओरडायच्या आतच त्यांनी तिचा हात हलकेच धरला. "हे बघा. इथे दुमड होती. तेव्हा बाही बोटांपर्यंत यायची. मग दुमड उसवली, म्हणून हा गडद पट्टा दिसतोय. आता सगळी सोडली तरी मनगट बाहेर आहे. एवढी." त्यांनी बाहीची कड आणि मनगटाचं हाड यांच्यामध्ये दोन बोटं ठेवली. "एवढी वाढली ती. आणि मी बघितलं नव्हतं."

बाईंनी लिहिलं. भाऊंनी चिठ्ठी आणि चिमटा घेतला, पण लावला नाही. शब्द आधी तिला पटायला हवा होता.

भिंगरीनं बाही खाली ओढली. पुरली नाही. तिनं गडद पट्ट्यावर बोट ठेवलं, मग फिक्या कापडावर, मग पुन्हा एकदा बाही ओढून बघितली. मग तिनं हात सरळ बाबांपुढे धरला.

"लाव," ती म्हणाली.